पाळणे आणि ठेवणे

भंडारा जिल्ह्यात मासा हा काही नवलाचा प्राणी नव्हे. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले तलाव येथे गावोगाव आहेत, वैनगंगा आहे, आणि या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगत आलेले ढिवर आहेत. परंतु मुंबईचा समुद्र जेथून रस्त्याने ८०० किलोमीटरांहून दूर, तेथे काचेच्या पेटीत दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम मीठ कालवून समुद्राचा मासा सांभाळण्याचा छंद कोणी धरला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्याचे हसू येणे साहजिक आहे. तो छंद आम्ही धरला आहे. आणि त्यातून उद्भवलेला एक प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

आमचे मासे डॅमसेल कुळातील. बोटाच्या दोन पेरांएवढे, गर्द निळे. समुद्री माशांत हे स्वस्त आणि अतिशय चिवट. या चिवटपणाचा छंदी लोकांनी दीर्घकाळ जो उपयोग करून घेतला, तो सांगताना संकोच वाटतो. नव्या पेटीतील पाणी आरंभी विषारी होते. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया निघतो, आणि त्याचा निचरा करणारे सूक्ष्म जंतू वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून मौल्यवान मासे आणण्यापूर्वी चार डॅमसेल सोडावयाचे. जगले तर पाणी मुरले, मेले तर फारसे गेले नाही! दुकानदाराने आम्हांस हाच सल्ला दिला व आम्ही तो मानला. चारांपैकी दोन उरले. वस्तुतः बाटलीतला अमोनिया थोडाथोडा घालूनही हे जंतू वाढविता येतात, एकही जीव पणास लावावा लागत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे म्हणण्याचीही सोय नाही. आम्ही ते वाचले होते. धीर मात्र नव्हता.

जो सोसतो त्याला लागत नाही, अशी एक समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. घरात जी बोलत नाही तिच्याच पाठीवर सारी कामे पडतात, आणि ती निभावते म्हणून उद्या आणखी पडतात. माशाच्या बाबतीत आम्ही निराळे काय केले? चिवटपणा हा त्या जिवाचा गुण. त्याचा आमच्यासाठी परवाना कसा झाला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

उरलेल्या दोघांत एक नर व एक मादी निघाली, आणि एके सकाळी पेटीतल्या खापरावर अंड्यांचा थर दिसला. यापुढचे काम नराचे. तो परांनी अंड्यांवर पाणी खेळवितो, मेलेली वेचून काढतो, आणि शेकडोपटीने मोठ्या असलेल्या आमच्या हातावर धावून येतो. मात्र तोच बाप प्रसंगी सगळी अंडी खाऊनही टाकतो. चार-पाच दिवसांनी रात्रीच्या अंधारात पिल्ले बाहेर पडतात. त्यांचे तोंड इतके बारीक, की मत्स्यपालकांचे नेहमीचे सूक्ष्म खाद्यही त्यांस पुष्कळदा गिळवत नाही. त्यांस कोपेपॉड नामक सूक्ष्म प्राण्यांची पिल्ले लागतात, त्या प्राण्यांस शेवाळ लागते, आणि शेवाळास आमच्या झोपेचा बळी लागतो.

एका स्नेह्यांनी विचारले, "समुद्रात तरी हजारांतून कितीशी वाचतात? मग एवढा जीव कशाला काढता?" आक्षेप पोकळ नाही. परंतु समुद्राने कोणास आपल्या घरी आणलेले नसते. मराठीत जनावर पाळतात, तसे वचनही पाळतात. दोहोंस शब्द एकच. नुसत्या वस्तूस मात्र आपण 'ठेवतो'. त्या चार माशांस आम्ही प्रथम ठेवले होते, पाळले नव्हते, असे आता म्हणणे भाग आहे.

पैदास केल्याने समुद्रातील मासे वाचतात, हे समर्थन अर्धेच खरे आहे. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांबरोबर काही डॅमसेल जातींचीही पैदास करून दाखविली. आपल्याकडे ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाने विदूषक माशांची उबवणी केली. पण विदूषक मासा महाग, म्हणून त्याची पैदास परवडते. डॅमसेल इतका स्वस्त, की त्याला वाढविण्यापेक्षा धरून आणणे सोपे. त्याची किंमत कमी, हाच त्याचा घात.

आणि ढिवर? तो मासा मारतो व खातो. आम्ही न मारता बघत बसतो. आमचा हात अधिक स्वच्छ, असे मानण्याचा मोह होतो खरा. परंतु भंडारा-गोंदियातील काही ढिवरांच्या सहकारी संस्थांनी उजाड झालेल्या तलावांत पाणवनस्पती लावल्या, आणि तेथे देशी मासे पुन्हा दिसू लागले. मरळीचे जोडपे आपल्या पिल्लांचा घोळका राखीत तेथे हिंडते. त्यास कोणी बाटलीतून खाद्य घालीत नाही. त्या लोकांनी मासा पाळला नाही, माशाचे घर पाळले. आम्हांस निळ्या माशाचे घर पाळता येण्याजोगे नाही. ते फार लांब राहिले.

आमच्या पहिल्या दोन खेपांतील एकही पिल्लू पाचव्या दिवसापलीकडे गेले नाही. सध्या खिडकीत हिरव्या पाण्याच्या सहा बाटल्या आहेत. पारा ४५ अंशांकडे चालला आहे, आणि दुपारी वीज गेली की ओल्या फडक्यांनी पेटी झाकून आम्ही वारा घालीत बसतो. तिसरी खेप काल खापरावर आली. नर तिच्यापुढून हललेला नाही.