तट शाबूत, दरवाजा उघडा

परंड्याचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट भुईवर आहे. बांधणाऱ्यांनी सगळी भिस्त ठेवली ती खंदकावर आणि दुहेरी तटावर. 1634 मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान मोठी फौज घेऊन या तटाला भिडले आणि पावसाळ्याच्या तोंडावर रिकाम्या हातांनी बुऱ्हाणपूरला परतले. 1660 मध्ये मात्र हाच किल्ला मोगलांना मिळाला. विजापूरकरांचा किल्लेदार गालिब याला त्यांनी मोबदला देऊन फोडलं होतं. त्याच वर्षी चाकणच्या लहानशा भुईकोटाने शाएस्ताखानाला पावणेदोन महिने झुंजवलं. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने किल्ला सोडला, आणि खानाने देऊ केलेली चाकरीही नाकारली.

एक शूर, दुसरा फितूर, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र परंड्याच्या तटाखाली उभं राहिलं की वेगळाच प्रश्न पडतो. गालिबला काय हवं आहे हे मोगलांना कळलं कसं? कुणीतरी तटाची उंची मोजणं सोडून माणसाची गरज मोजली असणार. ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. माशाला काय आवडतं हे ठाऊक असल्याशिवाय गळाला काय लावायचं ते ठरत नाही.

आमच्या घरी हे आमिष पावतीपुस्तक घेऊन आलं. एजंट भावकीतलाच. वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसलेला, धाकटीच्या स्थळासाठी चार गावं हिंडलेला. बँक सात टक्के देत असताना त्याची मल्टिस्टेट पतसंस्था तेरा टक्के देत होती. “अण्णा, पोरीच्या लग्नाला पैसा लागल की,” एवढंच तो म्हणाला. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नसतो, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. संस्थेला कुलूप लागलं तेव्हा गावाने वडिलांना हावरट ठरवलं. तो शब्द मला आजही सोसत नाही. अण्णांनी आयुष्यात दुसरा सदरा शिवून घेताना दहादा विचार केला होता. त्यांना तेरा टक्के नको होते, लेकीच्या लग्नात कुणापुढे हात पसरायला नको होता. लोभ म्हणून आपण ज्याला हिणवतो त्यात कितीतरी वेळा अशी भीतीच असते.

मोबाइलवरच्या रमीला तर भावकीची ओळखही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांना टोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नव्हता, म्हणून ती टोचत राहिली. रमी खेळणाऱ्या पोराचा अंगठाही तसाच चालतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा 2025 च्या ऑगस्टमध्ये झाला. पण ज्या पोराच्या हाताला काम नाही त्याची रिकामी दुपार कुठल्या कायद्याने भरायची?

सगळ्यात अवघड गोष्ट ऊसतोडीच्या उचलीची. तिला आमिष म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तो आगाऊ घेतलेला घामाचाच दाम आहे. पण येते ती त्याच वाटेने. आषाढ-श्रावणात घरातला दाणा संपत आलेला, बी-बियाण्याची उधारी डोक्यावर, पोरांच्या वह्या घ्यायच्या. नेमका तेव्हा मुकादम दारात येतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि एका कोयत्यावर एकरकमी नोटा. त्या मोजून घेतल्या की दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टरमध्ये बसायचं. मग तोडलेल्या टनांतून उचल फेडायची. आजारपण, पाऊस, खाडे यांनी टनं कमी भरली की अंगावर बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढल्या हंगामाचा कोयताही बांधला जातो. “उचल घेऊच नये” असा सल्ला देणाऱ्यांनी श्रावणातली ती चूल पाहून यावी. त्या महिन्यात सोसायटीचं कर्ज वेळेवर मिळालं, रोजगार हमीचं काम गावातच निघालं, तर नोटा पुढे करणाऱ्याला नाही म्हणायला घरात बळ येतं. फिरंगोजीच्या नकाराचं कौतुक मलाही आहे. पण नकार परवडण्याजोगं घर आपण किती जणांना दिलं?

गेल्या श्रावणात ओळखीतल्या एका घरी बसलो होतो. मुकादम आला. चहा घेतला. पैशाचं नावही काढलं नाही. आधी बाईंना विचारलं, “अक्का, पोरीचं कुठवर जमलं?”