खोट्या नाण्याचा खोटेपणा

मराठीत खोटे नाणे आणि खोटे बोलणे या दोहोंना एकच विशेषण पुरते. माणूसही खणखणीत असतो आणि रुपयाही. जुन्या, दुर्मीळ नाण्यांच्या बाजारात चालणाऱ्या फसवणुकीचा विचार करू लागलो की आम्हांला म्हणूनच एक प्रश्न पडतो. नाणे खोटे असते म्हणजे त्यातले नेमके काय खोटे असते? धातू, त्यावरची मुद्रा, की ते पुढे करणाऱ्याचा शब्द?

ज्यांच्या घरी आजीच्या पेटीत चार जुनी नाणी असतील त्यांच्यासाठी परीक्षेचे मार्ग आधी सांगतो. साच्यात ओतलेले नाणे बहुधा कडेवरून ओळखू येते. साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याची बारीक रेघ तिथे राहते, आणि ती कानशीने घालवली तर कानशीच्या खुणा राहतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे असतात. अक्षरे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत वाटतात. वजन हा दुसरा साक्षीदार. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजेने तो थोडा कमी भरेल, पण ठळकपणे जास्त भरला तर संशय घ्यावा. पाण्यात तोलून पाहिले तर तो आपल्याएवढ्या आकारमानाच्या पाण्याच्या दहापटींहून थोडा अधिक जड ठरतो. पितळेला ते साधत नाही. चुंबकाला चिकटला, तर वादच संपला.

परंतु सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. तो अतिशय दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या साध्या रुपयावरील आठाच्या आकड्याचा कोरून नऊ केला जातो. चांदी खरी, वजन खरे, टांकसाळ खरी, नादही खरा. एका आकड्यापुरते असत्य, आणि ते शोधायला भिंगाखाली त्या आकड्याभोवतालचा खरवडलेला पृष्ठभाग पाहावा लागतो. निखळ खोट्यापेक्षा बहुतांशी खरे असलेले खोटे अधिक घातक, हे आम्हां पापनिवेदन ऐकणाऱ्यांना नवे नाही.

ख्रिस्तसभेच्या प्राचीन आचार्यांना हे चांगले ठाऊक होते. आपल्या शिष्यांनी निष्णात सराफ व्हावे, अशा आशयाचे प्रभू येशूचे एक वचन शुभवर्तमानांत नसूनही अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि ओरिजेन यांच्या लेखनात आढळते. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने इजिप्तच्या मठवासी मोझेसच्या तोंडून त्याचा विस्तार केला. मनात येणारा प्रत्येक विचार सराफासारखा पारखावा: सोने शुद्ध आहे का, वरून मुलामा दिलेले तांबे तर नाही, सोने खरे असूनही त्यावर राज्य बळकावणाऱ्याचा मुखवटा नाही ना, आणि वजनात ते कमी भरत नाही ना. यातला तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत सूक्ष्म वाटतो. आमचा १९३९ चा रुपया तिथेच अडकतो.

तरीही कॅसियनच्या चाळणीतून न जाणारे एक नाणे आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसच्या डुकाटवरून आली. १२८४ पासून, १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत, हे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे निघत राहिले. एका बाजूस संत मार्ककडून ध्वज घेणारा, गुडघे टेकलेला डोज. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला, आशीर्वाद देणारा ख्रिस्त. भारतात त्याला इतका मान मिळाला की इथल्या कारागिरांनी त्याच्या असंख्य प्रतिकृती घडवल्या. त्यांना लॅटिन येत नव्हते. ख्रिस्ताला उद्देशून कोरलेला मजकूर त्यांच्या हातून नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन उतरला. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या आमच्यासारख्याला तो वाचताना हसू येते आणि थोडे भरूनही येते. पण खोटे कोण बोलले? कारागिराने दागिना घडवला, घेणाऱ्याने दागिना घेतला, सोन्याचे मोल चुकते झाले. तीच पुतळी उद्या कोणी व्हेनिसचा अस्सल डुकाट म्हणून संग्राहकाच्या हाती ठेवली, तर एक गुंजही न बदलता ती खोटी होते.

पादुआच्या जोव्हानी दा काव्हिनोने सोळाव्या शतकात रोमन नाण्यांच्या प्रतिकृती घडवल्या. पुढे त्या अस्सल म्हणून खपल्या. आज त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात, आणि संग्राहक कलाकृती म्हणून त्यांची किंमत मोजतात. नाव खरे सांगितले आणि खोटेपणा गळून पडला. याउलट जर्मनीचा कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०). त्याने तीनशेहून अधिक प्राचीन नाण्यांचे ठसे स्वहस्ते कोरले आणि चांगल्या चांदी-सोन्यावर ठोकले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून आपल्या घोडागाडीत हिंडवीत असे. चांदी खरी, कारागिरी अप्रतिम. मग नुकसान कोणाचे झाले, असे कोणी विचारील. घेणाऱ्याच्या पैशाचे तर झालेच. शिवाय नाण्यावरच्या मजकुरातून इतिहासकार राजे आणि राज्ये जुळवतात. तिथे बेकरने खोटा साक्षीदार उभा केला. सातवी आणि आठवी आज्ञा एकाच घावात मोडली.

आणि घेणाऱ्याचे काय? ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल असलेली, राम-सीतेची चित्रे असलेली तांब्याची नाणी लाखो रुपये किमतीची म्हणून आपल्याकडे खपवली जातात. कंपनीने तशी नाणी काढलीच नव्हती. तांदूळ ओढून घेणाऱ्या चमत्कारी नाण्याच्या नावाखाली तर शिकलेली माणसेही लुबाडली गेली आहेत. विकणारा अनेकदा भोळ्या खेडुताचे सोंग घेतो, कारण गिऱ्हाईकाला वाटले पाहिजे की या अडाण्याला मोल ठाऊक नाही आणि आपण त्याला स्वस्तात गुंडाळतो आहोत. आम्ही त्या गिऱ्हाईकाला चोर म्हणणार नाही, पण त्याची कीव करतानाही आम्हांला जरा जड जाते.

फसलेल्याची खरी परीक्षा यानंतर सुरू होते. नाणे खोटे निघाले. पैसे तर गेले. आता ते तसेच तिसऱ्याच्या गळ्यात मारावे काय? आपण काही ते बनवले नाही, हे उत्तर नीतिशास्त्रात टिकत नाही. कळण्यापूर्वी तो फसवला गेलेला होता. कळून पुढे ढकलले की तो फसवणाऱ्याच्या रांगेत बसतो, आणि घेतलेली जादा रक्कम परत करण्याचे ऋण त्याच्यावर राहते. माळ विकायला निघालेल्या कुटुंबालाही हेच लागू. सोन्याचा भाव त्यांनी अवश्य घ्यावा, घासाघीस करून घ्यावा. संग्राहकाने व्हेनिसचे नाव काढलेच, तर माळ पुन्हा तराजूत ठेवण्याआधी ठिपक्यांची ती बाजू त्याला उलटून दाखवावी.