आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव

आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. आता बोर्ड उजेडात तिरका धर आणि सॉकेटच्या कडेला बघ. तांब्याचा ओरखडा दिसतोय? हीटसिंकची क्लिप दाबताना हात सटकला आणि तीन ट्रॅक कापून बसलास. सॉकेटचा दात तुटला त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. वर्षानुवर्षं प्रोसेसरची धग खाल्लेलं प्लास्टिक आहे, ते कुणाच्याही हातून तुटेल. पण हा ओरखडा घाईचा आहे. आणि वर तुटक्या दाताला फेविक्विक लावून मोकळा झालास! मला विचारायला तोंड नव्हतं?

अरे, हे सॉकेट 462 आहे. क्लिप त्या दातांना धरून हीटसिंक दाबते, तो दाब पाच ते अकरा किलोचा असतो. मशीन बंद असो की चालू, तो कायम तसाच. त्यात टॉवर कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा, म्हणजे हीटसिंकचं वजनही दातांवरच लोंबतं. नखाएवढ्या जागेवरचं फेविक्विक हे सगळं पेलेल? तेही सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली?

सुटलं तर काय होतं, ठाऊक आहे? 2001 साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी चालू मशीनवरचे हीटसिंक काढून दाखवले होते. पेंटियम 4 मंदावला पण चालत राहिला, पेंटियम 3 जागच्या जागी थांबला, अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला. तुझ्या हातात आहे तो अ‍ॅथलॉनच. त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

आणि बोर्ड कुणाचा? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराचा. जॅकार्डच्या डिझाइनचं त्यांचं जुनं कार्ड आयएसए स्लॉटमध्येच बसतं, नव्या बोर्डावर तो स्लॉटच नाही. चादरींची इतक्या वर्षांची डिझाइनं या मशीनवर आहेत. ‘जुना आहे, चालतंय’ म्हणतोस? जुना आहे म्हणूनच दुसरा मिळत नाही!

नीट बघ, या बाजूला तीन दात होते. तुझी क्लिप फक्त मधल्याला धरत होती, तोच गेला. कडेचे दोन शाबूत आहेत. तिन्ही दातांना धरणारी रुंद क्लिप भंगारातल्या कूलरवर मिळते. ती लाव, दाब दोन्हींवर वाटला जाईल. तेही दात गेले असते तरी सॉकेटभोवती चार भोकं आहेत. त्यांतून स्क्रू, खाली नायलॉनचे वॉशर, वर स्प्रिंग, की दाताची गरजच संपली. स्प्रिंग विसरलास आणि स्क्रू आवळत गेलास तर त्या उघड्या डायचा कोपरा उडेल. म्हणून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. चिकटवण्याचा विचार यात कुठे आला का? कुठलाही गोंद लावण्याआधी जोर कुठून कुठे जातोय ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. तुला आलं नसतं, मला खात्री आहे.

हात चांगला आहे तुझा. म्हणूनच राग येतोय. वर्गात ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांच्यावर मी एवढा ओरडत नाही.

आता मल्टिमीटर आण. तिन्ही ट्रॅकची कंटिन्युइटी तपास, वरचा हिरवा थर हलकेच खरवड आणि बारीक तारेनं जोड. मी भिंगाखाली बघितल्याशिवाय प्रोसेसर सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि कारखानदाराला फोन तू करायचा. काय तुटलं, कुणी तोडलं, मशीन कधी मिळेल, सगळं तुझ्याच तोंडानं.