आनंदाची आज्ञा कोणाला?

शास्त्रवाचन : नहेम्या ८:९-१२, फिलिप्पै. २:२५-३०; ४:१-२०



आपल्या मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली किंवा कोणाला मोठा आजार जडला, म्हणजे आपण भेटीला जातो. थोडा वेळ बसतो, शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो आणि उठताना म्हणतो, "धीर धरा. रडू नका. विश्वासणाऱ्याने नेहमी आनंदी असावे." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या भगिनीने कालच आपल्या पतीला माती दिली, तिच्या मनात काय येते? "माझे रडे थांबत नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा आहे की काय?" तिच्या डोक्यावर एक ओझे होतेच, आपण दुसरे ठेवून घरी येतो.

नीतिसूत्रे २५:२० मध्ये शलमोनाने हे फार पूर्वी ओळखले होते. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणे म्हणजे कडाक्याच्या थंडीत त्याच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेणे, अशा अर्थाचे ते वचन आहे. मग सर्वदा आनंद करा असे पौल का लिहितो? तो शलमोनाच्या विरुद्ध बोलतो काय? नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र एका बैठकीत वाचून काढा. अवघ्या चार अध्यायांचे आहे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट ही की, आनंद करा म्हणणारा पौल आपले दुःख लपवीत नाही. हे पत्र लिहिताना तो बंधनात होता. परंपरेप्रमाणे रोम शहरात. सुटका होईल की शिरच्छेद होईल हे ठाऊक नव्हते. अशा स्थितीत ह्या लहानशा पत्रात आनंदाचा उल्लेख सुमारे सोळा वेळा येतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताविषयी काय लिहिले आहे पाहा. हा बंधू फिलिप्पैहून मंडळीची देणगी घेऊन आला आणि मरणाच्या दारी पोहोचला. देवाने त्याच्यावर दया केली. आणि केवळ त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल मोकळेपणाने सांगतो. म्हणजे एक दुःख त्याला होतेच, दुसऱ्याची त्याला भीती वाटत होती. पुढे तिसऱ्या अध्यायात तर काही लोकांविषयी लिहिताना आपण रडत आहोत असेही तो सांगतो. आनंदाचे हे पत्र आसवांनी भिजलेले आहे.

आपल्या प्रभूचेही तसेच. लाजराला आता उठवायचे आहे हे ठाऊक असूनही येशू बेथानीत रडला. मरीयेला त्याने "रडू नको, आनंद कर" असे म्हटले नाही. तेव्हा अश्रू हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे. ख्रिस्ती आनंद दुःखाच्या जागी येऊन बसत नाही. तो दुःखाच्या खाली पायासारखा असतो. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे आणि आपण त्याचे आहोत, हा तो पाया. घराच्या भिंती पडल्या तरी पाया जागेवर असतो. पण पाया शाबूत आहे म्हणून पडलेल्या भिंतीचे दुःख होऊ नये, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेमुळे आपल्या सहज ध्यानात येत नाही. मराठीत "करा" हे क्रियापद आपण एका वडीलधाऱ्या माणसालाही म्हणतो आणि पुष्कळांनाही म्हणतो. त्यामुळे फिलिप्पै. ४:४ वाचताना प्रत्येकाला वाटते की ही आज्ञा मला एकट्याला आहे, आणि मला एकट्यालाच ती पाळायची आहे. मूळ ग्रीक भाषेत हे क्रियापद अनेकवचनी आहे. ही आज्ञा सबंध मंडळीला आहे. तिच्या आधीच्याच वचनांत युवदीया आणि सुंतुखे ह्या दोन भगिनींनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावे अशी विनंती आहे. भांडण मिटवा आणि मग सर्व मिळून आनंद करा, असा तो क्रम आहे.

फिलिप्पैच्या मंडळीला हे नवे नव्हते. प्रेषितांची कृत्ये अध्याय १६ मध्ये त्याच नगरातील तुरुंगाची हकिकत आहे. पाठीवर फटके, पाय खोड्यात, मध्यरात्रीची वेळ. आणि पौल व सीला प्रार्थना करीत व स्तोत्रे गात होते. आपण पौलाचे धैर्य वाखाणतो, पण शेजारी सीला होता हे विसरतो. ते दोघे गात होते! आणि त्याच रात्री तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातले आणि आपल्या सर्व घराण्यासह आनंद केला. आनंद आला तो पाण्याच्या भांड्याबरोबर व जेवणाच्या ताटाबरोबर आला.

नहेम्याच्या आठव्या अध्यायातही हेच आहे. परमेश्वराचा आनंद हेच आपले सामर्थ्य, हे दहाव्या वचनाचे शेवटचे वाक्य आपण चौकटीत घालून भिंतीवर लावतो. त्याच वचनाच्या आरंभी काय आहे? जा, खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. आपण शेवट भिंतीवर लावला आणि आरंभ विसरलो. वाटा न पाठविता पाठविलेला आनंदाचा निरोप रिकाम्या डब्यासारखा असतो.

तिसरी गोष्ट अशी की, हा आनंद शिकावा लागतो. चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की कोणत्याही अवस्थेत तृप्त राहण्यास मी शिकलो आहे. शिकण्यास वेळ लागतो. जो पहिल्या इयत्तेत आहे त्याच्याकडून आपण मॅट्रिकचा पेपर सोडवून घेत नाही. मग ज्याचे दुःख आठ दिवसांचे आहे त्याच्याकडून पौलाच्या उत्तरवयातील शांतीची अपेक्षा का करावी? आणि तृप्त राहण्यास शिकलेल्या पौलानेही मदतीचे आभार मानले आहेत : माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगले केले (४:१४).

पंडिता रमाबाईंचे जीवन ह्याची साक्ष देते. दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण जुन्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्ति मिशन त्यातून वाढले. भूक काय असते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच भुकेल्यांचे ताट वाढले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिचा वियोगही त्यांना सोसावा लागला, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. त्यांचा विश्वास दुःख नाकारणारा नव्हता; दुसऱ्याच्या दुःखात शिरणारा होता.

२०२० व २०२१ सालच्या साथीत आपण उलट बाजूही पाहिली. उपासनामंदिरे बंद, दफनाला मोजकीच माणसे, घरी कोणी जाऊन बसू शकत नव्हते. तेव्हा अनेकांना कळले की शेजारी बसलेले एक मुके माणूस दहा संदेशांहून मोठे असते. साथ गेली, ते शिक्षण मात्र जाऊ नये.

तर आपण काय करावे? दुःखितांच्या घरी जाताना उपदेश थोडा न्या आणि डबा भरलेला न्या. पहिल्या आठवड्यात सारेच जातात. तिसऱ्या महिन्यात जा. शाळेची फी, दवाखान्याची चिठ्ठी, किराणा ह्यांची चौकशी हळूच करा. आणि ज्याला गाता येत नाही त्याच्या शेजारी बसून तुम्ही हळू आवाजात गा. त्याच्या वाटचा विश्वास काही दिवस मंडळीने धरून ठेवावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. फिलिप्पै. ४:४ मुलांकडून पाठ करून घेता तेव्हा ४:१४ हेही पाठ करून घ्या. वर्गात एखादे मूल आजारी असेल तर त्या रविवारी सर्व मुलांना घेऊन त्याच्या घरी जा. वचनाचा अर्थ त्यांना तेथे कळेल.

आणि जो बंधू किंवा जी भगिनी आज हे ओल्या डोळ्यांनी वाचीत असेल, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे : तुमच्या अश्रूंमुळे प्रभू तुमच्यावर रागावलेला नाही. तुम्हाला गाता येत नसेल तर गाऊ नका. पण मंडळीचे दार लावून घेऊ नका. आम्हांला आत येऊ द्या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू लाजराच्या कबरेपाशी रडलास आणि तूच कबरेतून उठलास. आमच्यातील दुःखितांना एकटे राहू देऊ नको. आमच्या हातांनी त्यांचे ताट वाढ, आमच्या तोंडाला मोजके शब्द दे, आणि तुझा आनंद आम्हां सर्वांचा होऊ दे. आमेन.