महाद्वार आणि राज्यघटना



कित्येक भाविक विचारतात, "महाराज, राज्य धर्मनिरपेक्ष झाले, मग धर्माला आता थारा कोठे?" शंका प्रामाणिक आहे. तिचे समाधान केले पाहिजे.

'धर्म' शब्द 'धृ' धातूपासून झाला. अर्थ, धारण करणे. 'संविधान' शब्दात 'धा' धातू आहे. त्याचा अर्थ धारण आणि पोषण. दोघांचेही काम समाजाला धरून ठेवण्याचे. मग भांडण कसले? फरक इतकाच की, राज्यघटना आचाराला धरते आणि धर्म अंतःकरणाला धरतो.

आता हे पंढरीतच पाहा ना! चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. त्यांचे अभंग आपण शतकानुशतके टाळमृदंगाच्या गजरात गाइले आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांना मात्र दाराबाहेर ठेवले. सानेगुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करून प्राण पणाला लावले, तेव्हा दार उघडण्याचे ठरले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या धर्माचे आचरण करण्याचे स्वातंत्र्य दिले आणि सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभाही राज्याला ठेवली. म्हणजे उपासनेला संरक्षण आहे, मज्जावाला नाही.

कोणी म्हणेल, "देवाच्या दारी सरकार कशाला?" अहो, दार आपण होऊन उघडले असते तर सरकारचे तेथे कामच नव्हते! वैष्णवांनी प्रेमाने करावयाचे ते राहिले, म्हणून कायद्याला करावे लागले.

पण कायद्याचा हात उंबरठ्यापर्यंतच पोचतो. दार उघडणे त्याच्या हाती. आत आलेल्याला आलिंगन देणे तुमच्या. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा जात विचारीत नाही. तोच वारकरी गावी परतून पंगतीत कोणाचे पान निराळे मांडीत असेल, तर त्याची वारी वेशीवरच संपली म्हणायची. कायदा त्याला शिक्षा करील, शुद्ध करणार नाही. ते काम गळ्यातल्या माळेचे.

म्हणून यंदा गोपाळपूरचा काला घेऊन घरी जाल, तेव्हा ज्या घरी आजवर पाऊल टाकले नाही तेथे प्रसाद घेऊन जा, आणि त्या घरचे पाणी मागून प्या.

रामकृष्ण हरि!