वर्षाला किती पुस्तके?



नवीन वर्ष सुरू झाले की काही जण संकल्प करतात. कोणी म्हणतो, यंदा पंचवीस पुस्तके वाचीन. कोणी म्हणतो पन्नास. असा संकल्प करण्यात खरोखर काही मोल आहे, की ती नुसती मोजदाद? याचा थोडा विचार करू या.

आधी हिशेब पाहू. रोज दहा पाने वाचली तर वर्षाला ३६५० पाने होतात, म्हणजे दोनशे पानांची १८ पुस्तके. त्याला रोजचा अर्धा तास पुरे. पुस्तकेही दूर नाहीत. आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. गावात वाचनालय असले की 'पुस्तके महाग आहेत' ही सबब उरत नाही.

पण पुष्कळ का वाचावे? कारण आपल्याच मताचे तेवढे वाचणाऱ्याला आपले अंगणच जग वाटू लागते. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. या मातीतील ओवी आदराने अभ्यासल्याशिवाय परक्या माणसाच्या हातून असे काम होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. मुंबईत दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते आपला ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्म असे नाना विषय त्यांनी वाचले आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले होते, त्यांच्या न्यायासाठी ती विद्या वेचली.

येथेच खरी कसोटी आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री प्रभू येशूकडे येतो. शास्त्रात काय लिहिले आहे ते तो अचूक सांगतो. तरीही 'माझा शेजारी कोण' हे त्याला विचारावे लागते. प्रभू त्याला दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगतो. त्या दाखल्यात जखमी माणसाला ओलांडून जाणारे याजक आणि लेवी काही अडाणी नव्हते. वाचन पुष्कळ असूनही शेजारी दिसेनासा होऊ शकतो. पुस्तकात डोके घालून बसलेल्याला घरातल्या आजारी माणसाची हाक ऐकू येत नसेल, तर पन्नासावे पुस्तकही व्यर्थच.

म्हणून आकडा जरूर ठरवावा. त्याने शिस्त लागते. मात्र दर चार पुस्तकांमागे एक तरी आपल्याहून वेगळ्या धर्माच्या, जातीच्या किंवा मताच्या माणसाने लिहिलेले असावे. वाचलेले जेवताना घरच्यांना सांगावे. आणि ज्या आजीआजोबांची नजर आता अधू झाली आहे, त्यांना आठवड्यातून एकदा चार पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. वर्षाअखेरीस यादी करताना ती पानेही मोजायला विसरू नये.