यजमान

एका शहरात एक धर्मगुरू होते. त्यांना गरिबांची सेवा करायची होती. इथवर ही गोष्ट हजारदा सांगून झाली आहे आणि पुढचंही आपल्याला पाठ आहे: धर्मगुरू देतात, गरीब घेतात, देव प्रसन्न होतो. फादर टेड केनेडींची गोष्ट त्या वाटेनं गेली नाही, म्हणून ती सांगावीशी वाटते.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनला लागूनच रेडफर्न हे स्टेशन आहे. पॅरामाटा, वेंटवर्थव्हिलकडे राहणारी मराठी मंडळी रोज कामाला जाताना या स्टेशनवरून जातात. आता तिथे उंच इमारती दिसतात. १९७० च्या सुमाराला तिथे पडक्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या ओळी होत्या, रेल्वेच्या कार्यशाळा होत्या, कारखाने होते. न्यू साउथ वेल्सच्या खेड्यापाड्यांतून, सरकारी वसाहतींतून आणि मिशनांतून निघालेले आदिवासी कामाच्या शोधात इथे येत. १९६७ च्या सार्वमतात देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला होता. पण रेडफर्नच्या रस्त्यावर तो कौल पोहोचला नव्हता. रात्री पबबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहत आणि हाती लागतील त्या आदिवासींना उचलून नेत. १९७० मध्ये इथे आदिवासींची स्वतःची कायदा मदत सेवा निघाली आणि १९७१ मध्ये स्वतःची वैद्यकीय सेवा. दोन्ही त्यांना काढाव्या लागल्या, कारण आधीची दारं त्यांच्यासाठी उघडत नव्हती.

त्याच १९७१ मध्ये फादर टेड रेडफर्नच्या सेंट व्हिन्सेंट चर्चमध्ये आले. वय चाळीस. जन्म सिडनीतल्याच मॅरिकव्हिलचा. त्याआधी ते सिडनी विद्यापीठात कॅथलिक विद्यार्थ्यांचे धर्मगुरू होते. शिकलेल्या, विचार करणाऱ्या तरुणांमध्ये त्यांचा शब्द चालत होता. रेडफर्नला मात्र पहिला प्रश्न विचारांचा नव्हता, रात्री झोपायचं कुठे याचा होता. फादरांच्या घराचं दार वाजायचं. बाहेर कुणी थंडीत कुडकुडणारा, कुणी प्यालेला, कुणी पोराबाळांसकट घराबाहेर काढलेली बाई. फादर त्यांना आत घेऊ लागले. खोल्या भरल्या, मग व्हरांडा, मग जमीन. स्वयंपाकघरात जे असेल ते शिजायचं आणि असतील तेवढी तोंडं जेवायची.

श्राद्धाचा स्वयंपाक दारातल्या भुकेल्यांना वाढणाऱ्या एकनाथांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तक्रारी झाल्या. पण इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. दार उघडणं हा या कथेचा सोपा भाग आहे. दार उघडणारा मनात म्हणतो, घर माझं आहे आणि मी यांना आत घेतलं. फादर टेडही आधी तसंच म्हणत असतील, तर त्यात नवल नाही. ते म्हणणं मोडून काढलं एका बाईनं.

शर्ली स्मिथ ही विराजुरी समाजातली बाई, काउरा गावाजवळच्या एराम्बी मिशनमध्ये जन्मलेली. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि लहानपणापासून फिट्स येत. तिचा भाऊ तुरुंगात गेला तेव्हा ती त्याला भेटायला जाऊ लागली. तो सुटला, तरी हिचं जाणं थांबलं नाही, कारण आत ज्यांना भेटायला कुणीच येत नाही अशी पोरं तिनं पाहिली होती. फाटकावरचा अधिकारी विचारायचा, कैदी तुझा कोण लागतो? ती सांगायची, मी त्याची आई. दुसऱ्याचं विचारलं तरी तेच, तिसऱ्याचं विचारलं तरी तेच. अख्खं रेडफर्न तिला ‘मम शर्ल’ म्हणू लागलं. बेघर झालेली साठाहून अधिक मुलं तिनं आपल्या घरात वाढवली.

चर्चच्या त्या घरात आणि त्या स्वयंपाकघरात मम शर्ल हक्कानं वावरू लागली. कोण उपाशी आहे, कोणाचा खटला उद्या आहे, कोणत्या पोराला पोलिसांनी मारलंय, हे तिला माहीत असायचं, फादरांना नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, चालू असताना ती उभी राहायची आणि बोलायची. धर्मग्रंथ शिकलेले फादर समोर उभे राहून ऐकायचे. सिडनीच्या लांबलांबच्या उपनगरांतून माणसं रविवारी रेडफर्नला येऊ लागली. मला वाटतं, ती नुसत्या फादरांचं प्रवचन ऐकायला येत नव्हती. धर्मगुरू ऐकत आहेत आणि ज्यांना आजवर कुणी बोलू दिलं नाही ते बोलत आहेत, असं दुसरीकडे त्यांना कुठे पाहायला मिळणार होतं?

१९७२ च्या अखेरीची हकीकत. जवळच्या लुई स्ट्रीटवर रिकाम्या पडलेल्या घरांत काही बेघर आदिवासी राहत होते. घरं एका बिल्डरच्या ताब्यात होती. पोलिसांनी धाड घातली, अतिक्रमणाचा गुन्हा लावून त्यांना कोर्टात उभं केलं. राहायची सोय होत असेल तर सोडतो, असं न्यायाधीश म्हणाले. सोय झाली सेंट व्हिन्सेंटच्या हॉलमध्ये. बातमी पसरली आणि हॉलमधली माणसं वाढत गेली. मग नगरपालिकेनं आरोग्याचे नियम पुढे केले आणि हॉल रिकामा करायला सांगितला.

इथे धर्मादाय गोष्ट संपते. फादरांनी प्रयत्न केला, सरकारनं ऐकलं नाही, सगळ्यांना वाईट वाटलं. पण हॉलमधल्या माणसांनी वेगळंच ठरवलं. ते पुन्हा त्याच रिकाम्या घरांकडे वळले, आणि या वेळी आसरा मागायला नाही, ही घरं आमच्या लोकांना मिळाली पाहिजेत असं म्हणायला. त्यांच्यासोबत बॉब बेलेअर आणि त्यांच्या पत्नी के हे दोघे होते. बांधकाम मजुरांची संघटना पाठीशी उभी राहिली. १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारनं अनुदान दिलं आणि आदिवासींच्या गृहनिर्माण कंपनीनं ती घरं विकत घ्यायला सुरुवात केली. ‘द ब्लॉक’ म्हणून ओळखली जाणारी ती वस्ती अशी उभी राहिली. बॉब बेलेअर पुढे कायदा शिकले आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातले पहिले आदिवासी न्यायाधीश झाले.

या सगळ्यात फादरांचं काम किती? एक हॉल आणि काही रात्रींचं जेवण. बाकीचं त्या लोकांनी केलं. फादर टेडांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी ते काम स्वतःच्या नावावर लावलं नाही आणि स्वतःच्या हातातही ठेवलं नाही. चर्चची जागा आदिवासींच्या वैद्यकीय सेवेला मिळावी म्हणून त्यांनी आग्रह धरला, तोही दान म्हणून नव्हे. ही जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न त्यांनी आपल्याच चर्चला विचारला. इंग्रजांनी इथे पहिली वसाहत केली त्या १७८८ पासून तो प्रश्न अनुत्तरित होता, आणि चर्चही त्याच जमिनीवर उभं होतं.

वरिष्ठांशी त्यांचं जमलं नाही. ते रागीट होते. बिशपांवर जाहीर टीका करायचे आणि ती टीका बोचायची. रेडफर्नचं घरही काही आदर्श आश्रम नव्हतं. तिथे भांडणं व्हायची, दारू यायची. ओळखीची तरुण पोरं मरायची आणि त्यांना पुरायची वेळ फादरांवर पुन्हा पुन्हा यायची. तीस वर्षं असं जगणारा माणूस शांत, हसतमुख राहिला असता तर मला त्याचाच संशय आला असता.

१९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ॲलिस स्प्रिंग्जला आले. आदिवासींचं देणं जोवर चर्च आनंदानं स्वीकारत नाही तोवर ऑस्ट्रेलियातलं चर्च येशूला हवं तसं होणार नाही, अशा आशयाचं ते तिथे बोलले. रेडफर्नमध्ये हे पंधरा वर्षं आधीपासून चालू होतं. २००० मध्ये फादर टेडांचं पुस्तक आलं, ‘पात्र कोण?’ अशा अर्थाच्या नावाचं. कॅथलिक माणूस प्रसाद घेण्याआधी दर मिस्सात म्हणतो की मी पात्र नाही. कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवण्याचा अधिकार चर्चनं आपल्याकडे घेतला, त्यावर या माणसाचा आक्षेप होता. ज्यांना चर्चनं अपात्र ठरवलं त्यांच्याच पंगतीला बसून त्यांनी आयुष्य काढलं होतं.

मम शर्ल १९९८ मध्ये गेली. प्रकृती ढासळल्यावर २००२ मध्ये फादर रेडफर्नच्या जबाबदारीतून मोकळे झाले आणि १७ मे २००५ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा अंत्यविधी कॅथेड्रलमध्ये झाला नाही. ‘द ब्लॉक’वर मोठा तंबू उभारून तिथे मिस्सा झाला. एके काळी ज्यांच्यासाठी चर्चचा हॉल उघडला होता त्यांच्या जमिनीवर त्या दिवशी धर्मगुरू आले, वकील आले, साऱ्या शहरातून माणसं आली. यजमान आदिवासी होते, आणि बाकी सगळे, शवपेटीतल्या फादरांसकट, त्यांचे पाहुणे.